इमारत बांधून झाली, म्हणून मुलीने परत यायचं?

पत्र थोडक्यात असं : 'माझं वय ५८. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीस वर्षं चष्म्याचं दुकान आहे. एकुलती एक मुलगी डोळ्यांच्या विषयात एम.एस. झाली. तिचं हॉस्पिटल व्हावं म्हणून दुकानावर दोन मजले चढवले. बँकेचे हप्ते चालू आहेत, मोतीबिंदू काढायच्या फेको मशीनचं कोटेशनही घेऊन ठेवलंय. आता ती म्हणते, मदुराईला दोन वर्षं काचबिंदूची फेलोशिप करणार, मग मेडिकल कॉलेजात शिकवणार, संशोधन करणार. मोतीबिंदूचा पेशंट दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की डॉक्टरच्या पाया पडतो. काचबिंदूच्या पेशंटला आयुष्यभर औषध घालूनही नजर परत येत नाही. माझ्या आईला काचबिंदूच होता, शेवटी तिला काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी काय केलं? आणि संशोधनच करायचं होतं तर एम.एस. कशाला केलं? स्थळंही सांगून येतायत, दोन वर्षांनी तिशी ओलांडेल. वीस दिवस ती माझ्याशी नीट बोललेली नाही. तुमचं सदर ती वाचते. तिला समजावून सांगा.'

तिच्याशी मी बोलणार आहे, पण पत्र तुमचं आहे, म्हणून आधी तुमच्याशी. तिच्या निर्णयाची मला काळजी वाटली नाही. नीट-पीजीच्या गर्दीतून डोळ्यांची जागा मिळवलेली, तीन वर्षं ओपीडी, कॅम्प आणि ओटीत काढलेली मुलगी आपल्याला काय जमतं हे ओळखून असते. काळजी वाटली ती 'वीस दिवस नीट बोललेली नाही' या वाक्याने, आणि त्याहून जास्त एका न लिहिलेल्या वाक्याने. मजले किती, हप्ता किती, मशीन कुठल्या कंपनीचं, हे सगळं तुमच्या पत्रात आहे. तिला काचबिंदूच का हवाय, हे चार पानांत कुठेच नाही. तुम्ही विचारलंत आणि लिहायचं राहून गेलं, की विचारलंच नाही?

इमारतीबद्दल स्पष्ट बोलते. बांधकाम काढलं तेव्हा ती एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला होती, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तिला डोळ्यांची शाखा मिळेल की नाही, मिळाली तरी ती घेईल की नाही, काहीच ठरलेलं नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून चष्मे करून देणाऱ्या माणसाला आपल्या दारावर लेकीच्या नावाची पाटी हवीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यामागची माया मला दिसते. पण तिला न विचारता काढलेलं कर्ज तिच्या डोक्यावर ठेवता येणार नाही. हप्ते इमारतीनेच फेडावेत. तालुक्याच्या ठिकाणी, बाजारपेठेत, खाली चालतं दुकान असलेली जागा रिकामी राहत नाही. एक मजला लॅबला किंवा दातांच्या डॉक्टरांना द्या, दुसरा आठवड्यातून ठरावीक दिवशी येणाऱ्या व्हिजिटिंग डॉक्टरांना. भाडेकरार तीन वर्षांचाच करा. मुलगी परत आली तर जागा आहे, नाही आली तरी कर्ज फिटतंय. हा हिशेब तुम्ही दुकानदार म्हणून माझ्यापेक्षा चांगला कराल. तो आजवर केला नाहीत, कारण ती नाही म्हणेल हे तुम्ही धरलंच नव्हतं.

स्थळांबद्दलही बोलायलाच हवं. मुलगा असता आणि त्याला दोन वर्षांची फेलोशिप मिळाली असती, तर 'तिशी ओलांडेल' हे वाक्य या पत्रात आलं असतं का? जो मुलगा किंवा जे घर दोन वर्षं थांबू शकत नाही, ते तिच्या रात्रीच्या इमर्जन्सीला आणि कॉन्फरन्सच्या दौऱ्यांना पुढे किती समजून घेईल? स्थळ बघायचं तर फेलोशिप चालू असतानाही बघता येतं. फेलोशिपमधल्या मुलींची लग्नं होतात, संसार होतात. लग्न आणि शिक्षण यांतलं एक निवड, असं तिला सांगू नका. तिने आज तुमचं ऐकलं तरी ही गोष्ट ती विसरणार नाही.

आता त्या ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. आईला काचबिंदू होता.

आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर आपल्याला तो होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात रुग्णांच्या मुलाबाळांची आणि भावंडांची तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. इतरांच्या तुलनेत त्यांचा आयुष्यभराचा धोका सुमारे नऊ पट निघाला. तुम्ही ५८ वर्षांचे आहात, दिवसभर लोकांचे नंबर काढता, आणि स्वतःच्या डोळ्यांची पूर्ण तपासणी कधी केलीत याचा उल्लेख पत्रात नाही. नंबर बरोबर आला म्हणजे डोळा ठीक, असं या आजारात धरून चालत नाही. शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाचीही डोळ्यामागची नस बरीच सुकलेली असू शकते, कारण हा आजार बहुधा कडेची नजर आधी खातो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. म्हणून नुसतं डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, मोजून थांबू नका. नस बघायला हवी, डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन लेन्स लावून बघायला हवा, गरज वाटली तर कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट. तुमची भावंडं असतील तर त्यांनाही सांगा. आणि ही तपासणी घरच्याच डॉक्टरकडून करून घ्या. वीस दिवसांच्या अबोल्यानंतर 'जरा माझे डोळे बघतेस का गं' हे म्हणणं तुम्हाला जड जाईल, पण म्हणा. तपासताना तिला विचारा, काचबिंदूच का? आजीचा हात धरून तिला मोरीपर्यंत नेणारी नात घरात कोण होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कारण तेच असेल असं मी म्हणत नाही. तिच्याकडूनच ऐका.

'डॉक्टरांनी काय केलं?' या प्रश्नात राग आहे आणि तो मला कळतो. गेलेली नजर काचबिंदूत परत येत नाही, आजही नाही. डॉक्टरच्या हातात असतं ते उरलेली राखणं, आणि ती राखता येते. अमेरिकेत १,६३६ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. या सगळ्यांच्या डोळ्यांचं प्रेशर जास्त होतं, पण नुकसान अजून सुरू झालेलं नव्हतं. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांवर नुसती देखरेख ठेवली. २००२ साली निष्कर्ष आले : पाच वर्षांत देखरेखीतल्या ९.५ टक्के लोकांना काचबिंदू सुरू झाला, थेंब घालणाऱ्यांत ४.४ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. त्या वाचलेल्या माणसांपैकी कुणाला कळलं असेल की आपण वाचलो? कुणी डॉक्टरच्या पाया पडलं असेल? जे घडलंच नाही त्याबद्दल माणूस आभार मानत नाही. उलट थेंब चुरचुरतात, महिन्याला बाटली विकत घ्यावी लागते, आणि दिसण्यात तर काहीच फरक पडत नाही, म्हणून तक्रारच करतो. हे सगळं ठाऊक असूनही एखादी मुलगी या कामाकडे वळत असेल, तर तिची ओढ पक्की आहे. ज्यांना आभार लागतात ते या शाखेत टिकत नाहीत.

मोतीबिंदूच्या कामाला मी कमी लेखत नाही. डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात आणि खेड्यापाड्यांतल्या शिबिरांत जे केलं, त्याला २००८ साली पद्मश्री मिळाली आणि ती रास्तच होती. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन तालुक्यापर्यंत पोचलं. तुमच्याच गावात ते करणारे किती डॉक्टर आहेत, तुम्ही बोटांवर मोजून सांगाल. काचबिंदू नीट पारखणारा सर्वांत जवळचा डॉक्टर कुठे आहे? सांगली-मिरजेला, कोल्हापूरला, पुण्याला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. आंध्र आणि तमिळनाडूत घरोघरी जाऊन जे अभ्यास झाले, त्यांत दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं. आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

'संशोधनच करायचं होतं तर एम.एस. कशाला?' हा गैरसमज केवळ तुमचा नाही, कितीतरी डॉक्टरांच्या घरांतही तो आहे. संशोधन म्हणजे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि पेशंटला रामराम, असं चित्र डोक्यात असतं. काचबिंदूतलं बरंचसं मोलाचं संशोधन तपासणीच्या खुर्चीसमोर बसलेल्या डॉक्टरांनी केलंय, कारण प्रश्न तिथेच पडतात. लंडनच्या मूरफिल्ड्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न साधा होता : नव्या रुग्णाला थेंबांऐवजी आधी लेझर केलं तर? ७१८ रुग्णांवर त्यांनी ते करून पाहिलं. २०१९ साली उत्तर आलं की लेझर घेतलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. महिन्याच्या बाटलीचा खर्च झेपत नाही म्हणून औषध सोडणाऱ्या माणसासाठी हे किती महत्त्वाचं आहे, ते तुम्ही काउंटरवर बसून रोज बघता. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतले डॉ. अनिल कुमार मंडल जन्मतः काचबिंदू असलेल्या तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया करतात. त्याच कामासाठी त्यांना २००३ साली भटनागर पुरस्कार मिळाला, जो देशातल्या शास्त्रज्ञांना दिला जात असे. परदेशातून येणारी, डोळ्यातलं पाणी बाहेर काढणारी नळी आपल्या रुग्णांना परवडत नव्हती, तर डोळ्यांची साधनं बनवणाऱ्या मदुराईच्या ऑरोलॅबने तशीच नळी इथे बनवली आणि ती कितीतरी स्वस्त पडते. तुमची मुलगी त्याच मदुराईला निघाली आहे.

आणखी एकाची गोष्ट सांगते, कारण रुग्ण, शिकवणं आणि संशोधन हे जे तिन्ही तुमची मुलगी एकत्र करू पाहते ते त्याने आयुष्यभर केलं. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याने डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि डोळा लाल होतो, असं १९७० च्या दशकात सगळे मानत होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो बिटो हे हंगेरीतून आलेले शास्त्रज्ञ काम करत होते, आणि त्यांच्याबरोबर कार्ल कॅमरास नावाचा एक विद्यार्थी. सशांच्या डोळ्यांत थोड्या मात्रेत ते घातलं तर प्रेशर उतरतं, हे त्यांनी १९७७ साली दाखवलं. त्यातून पुढे लॅटॅनोप्रोस्टचे थेंब निघाले. औषध बाजारात यायला १९९६ साल उजाडलं. तोवर कॅमरास काचबिंदूचे डॉक्टर झाले होते, रुग्ण तपासत होते, शिकवत होते. पुढे ते नेब्रास्का विद्यापीठात नेत्रविभागाचे प्रमुख होते. तुमच्या गावातल्या मेडिकलमध्ये आज लॅटॅनोप्रोस्टची बाटली मिळते. एवढा पल्ला असलेल्या कामात तुम्ही दोन वर्षांवरून भांडताय.

शिकवण्याचं तुम्ही दोनच शब्दांत उरकलंत, म्हणून मीही थोडक्यात सांगते. गावोगावचे नेत्रतज्ज्ञ मेडिकल कॉलेजांतून तयार होतात. तिथे कोन तपासायला आणि नस वाचायला कुणी हात धरून शिकवलं नाही, तर पुढची तीस वर्षं तो डॉक्टर फक्त प्रेशरचा आकडा बघत राहतो. एक चांगली शिक्षिका दरवर्षी अशा काही डॉक्टरांची नजर तयार करते, आणि ते जिथे जातील तिथले रुग्ण वाचतात.

रस्ते तिला माहीत आहेतच : मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीच्या एम्सचं आर. पी. सेंटर. शिकवायचं तर मान्यताप्राप्त कॉलेजात सीनियर रेसिडेन्सी, मग असिस्टंट प्रोफेसर. संशोधनाच्या निधीसाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इंडिया अलायन्स ही निधी देणारी संस्था.

आता तुझ्याशी.

वीस दिवसांचा अबोला हे उत्तर नाही. बाबांना तू 'संशोधन करणार' एवढंच सांगितलंस आणि दार लावून घेतलंस. चष्म्याच्या धंद्यातल्या माणसाला यातलं सगळ्यात जास्त कळू शकतं, त्यांना तू काही समजावलंच नाहीस. आकडे घेऊन बस. फेलोशिपचा स्टायपेंड किती, दोन वर्षांनी कॉलेजातला पगार किती, ट्रस्टच्या हॉस्पिटलात किती. गावात फेको करणाऱ्या तुझ्या बॅचमेटपेक्षा तू सुरुवातीची कित्येक वर्षं कमी कमावशील. हे तूच आधी बोललीस तर बाबांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल. पुढे कुणी दुसऱ्याने सांगितलं, तर त्यांना तू लपवलंस असं वाटेल.

फेको सोडू नकोस. डोळ्यातला कोन बंद होणाऱ्या काचबिंदूत नुसतं नैसर्गिक भिंग काढल्यानेही उपयोग होतो, हे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं, आणि आपल्याकडे हा प्रकार पुष्कळ आहे. काचबिंदूच्या डॉक्टरचा मोतीबिंदूचा हात कच्चा असून चालत नाही, कारण त्याच्याकडे येणारे मोतीबिंदू बहुधा अवघड असतात. मुलाखतीला जाशील तेव्हा संस्थेच्या नावावर भुलू नकोस. आत्ता तिथे असलेल्या फेलोंना गाठून विचार : ट्रॅब, म्हणजे काचबिंदूची नेहमीची शस्त्रक्रिया, स्वतःच्या हाताने किती केल्या, नळ्या किती बसवल्या, आणि शस्त्रक्रियेनंतर महिनाभर त्या डोळ्यांची देखभाल कुणी केली? ऑपरेशन तासाभरात होतं, खरं शिक्षण त्या पुढच्या महिन्यात असतं. एम.एस.चा थिसिस कपाटात पडून असेल तर आधी तो लिहून काढ आणि छापायला पाठव. ते जिवावर येत असेल, तर संशोधनाचा बेत पुन्हा तपास. आणि संख्याशास्त्र मनापासून शीक, दुसऱ्याकडून आकडे काढून घेणाऱ्याला स्वतःचा प्रश्न नीट विचारता येत नाही.

तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून एकत्र जमणार नाहीत. पहिली दोन वर्षं फक्त हात आणि नजर तयार कर. 'दोन वर्षांनी नक्की परत येते' असं घरातली शांतता राखण्यासाठी बोलू नकोस. यायचं असेल तर ये, पण आज कबूल करून उद्या मोडलंस तर बाबांना ते आजच्या नकारापेक्षा जास्त लागेल.

एक प्रश्न मात्र तुझ्या घरातच पडलाय, तो घेऊन जा. चाळिशी ओलांडलेला माणूस जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला येतो तेव्हा तो डॉक्टरकडे गेलेला नसतो, तुझ्या बाबांच्या दुकानात आलेला असतो. अशा दुकानात घरातल्या कुणाला काचबिंदू होता का, एवढं विचारून चिठ्ठी दिली, तर किती जण खरोखर तपासायला जातात? जे जात नाहीत ते का जात नाहीत? आणि जी मुलं डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब परस्पर घेऊन महिनोन्महिने घालतात, त्यांच्यातल्या किती जणांचं प्रेशर वाढलेलं असतं? हे मदुराईच्या तुझ्या गाईडसमोर मांड. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या ओळखी असलेला भागीदार दुसऱ्या कुठल्या फेलोकडे नसेल.

आणि तुम्हाला, बाबा म्हणून, एवढंच : त्या फेको मशीनच्या विक्रेत्याला या आठवड्यात नाही कळवा. 'मार्चअखेर ऑफर संपते' असं तो म्हणेल, संपू द्या. दोन वर्षांत नवं मॉडेल येतं. ती परत आली, तर तिच्या हाताला कुठलं मशीन लागतं ते तीच सांगेल. नाही आली, तर तेवढा एक हप्ता तुमच्या मागे लागलेला नसेल.